तोच दे

मागच्या दिवाळीत माझा पुण्यातला भाचा मेहकरला आला होता. फराळ झाला, टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागला आणि घरातली आठ-दहा माणसं पात्रांच्या आधीच संवाद म्हणायला लागली. भाचा म्हणाला, “मामा, हा खरा कल्ट.” मी विचारलं, कल्ट म्हणजे रे काय? तेव्हा त्यानं ‘द रॉकी हॉरर पिक्चर शो’ची गोष्ट सांगितली. पिक्चर १९७५ चा, आला तेव्हा पडला. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या एका थेटरात तो मध्यरात्रीच्या खेळाला लागला आणि तेच ते लोक पुन्हा पुन्हा यायला लागले. पात्रांसारखे कपडे घालून यायचे, पडद्याला उलट उत्तरं द्यायचे, पडद्यावर लग्न लागलं की तांदूळ उधळायचे.

“आपल्याकडं असलं काही नव्हतं,” असं तो म्हणाला आणि मी हातातला अनारसा खाली ठेवला.

१९८७ ते २००७ अशी वीस वर्षं मी मेहकरच्या बसस्टँडजवळ व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी चालवली. आता त्याच गाळ्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. त्या काउंटरवर दोन प्रकारची गिऱ्हाइकं यायची. एक विचारायचं, “नवीन काय आलं?” दुसरं कोपर टेकवून नुसतं म्हणायचं, “तोच दे.” कोणता, हे त्याला सांगावं लागत नसे. पुढचं सगळं या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून शिकलेलं आहे.

१. किती जणांनी पाहिला हे विचारू नये, एकानं किती वेळा नेला ते पाहावं.

माझ्याकडं लांबट खतावणी होती. तारीख, नाव, गाव, कॅसेटचा नंबर, डिपॉझिट, परत. पहिली दोन-तीन वर्षं मी ती फक्त उधारी शोधायला उघडायचो. नवा धडाकेबाज हिंदी पिक्चर आला की अकोल्याहून त्याच्या तीन-तीन कॅसेट आणायचो. महिनाभर त्या कॅसेटी दुकानात टेकायच्या नाहीत, जानेफळ, डोणगाव, लोणार, सुलतानपूर अशा फिरत राहायच्या. मग एक दिवस तिन्ही परत यायच्या आणि फळीवर ज्या बसायच्या त्या कायमच्या. माझा पैसा तिथं अडकला हे कळायला मला फार वेळ लागला.

खतावणी नीट वाचायला लागलो तेव्हा दिसलं की खरी कमाई भलतीकडूनच होत होती. जानेफळकडचा एक कंपाउंडर होता. सलग अकरा शनिवार त्याच्या नावापुढं एकच नंबर. मी एकदा त्याला म्हणालो, “अहो, दुसरी कॉपी करून देतो, विकतच घेऊन टाका. भाड्यात तेवढे पैसे गेले तुमचे.” तो गंभीरपणे म्हणाला, “भाऊ, घरात येऊन पडला की मग कोण पाह्यते?”

हे वाक्य मी बरीच वर्षं डोक्यात घोळवलं. आमचा बुलढाणा जिल्हा पारायणाचा. गजानन महाराजांचं शेगाव इथून लांब नाही. माझी आई दासगणूंच्या ‘गजानन विजय’चं पारायण करायची. २१ अध्याय, दरवेळी तेच. पुढं काय होणार हे तिला ठाऊक नव्हतं म्हणून ती वाचत होती असं कुणी म्हटलं असतं तर ती हसली असती. त्या ग्रंथाशी पिक्चरची बरोबरी मला करायची नाही. आईनं ऐकलं असतं तर कान उपटला असता. पण गोष्ट माहीत असूनही ती पुन्हा पहिल्यापासून धरायची, वेळ ठरवून, बैठक मारून, ही सवय इथल्या माणसाच्या अंगात आधीपासून होती. व्हीसीआर तिच्यात नंतर आला.

२. टेप कुठं घासली ते पाहावं.

खतावणी खोटं बोलू शकते, कारण माणूस कॅसेट नेऊन न पाहताही परत आणतो. टेप खोटं बोलत नाही. लोकांना एखादा प्रसंग आवडला की ते रिवाइंड करून पुन्हा पाहायचे, तिथंच पॉज करायचे, आणि पॉजवर हेड एकाच जागी फिरत राहतं. तेवढी जागा झिजते. मग तिथं पडद्यावर मुंग्या येतात, आवाज भरडतो. गिऱ्हाईक म्हणायचं, “व्हीसीआरचं हेड खराब झालं.” मी स्पिरिटच्या बोळ्यानं हेड पुसायचो, नाहीतर घाईत कोरी नोट फिरवायचो, जी मेकॅनिकच्या मते फार वाईट सवय होती. हेड साफ निघायचं. मुंग्या तिथंच.

हिंदी पिक्चरची टेप कुठं झिजायची हे चारचौघांत सांगण्यासारखं नाही. पावसाच्या गाण्यात, एवढं पुरे. ‘बनवाबनवी’ मात्र वेगळ्याच ठिकाणी झिजली होती. मला वाटलं होतं, लक्ष्मीकांत बेर्डे आणि सचिन बायकांचा वेष घेतात तिथं असेल. तिथंही थोडी होती. पण सगळ्यात जास्त झीज होती ती अशोक सराफचा धनंजय माने आणि सुधीर जोशींचा विश्वास सरपोतदार हे दोघं नुसते समोरासमोर उभे राहून बोलतात तिथं. भाडेकरू आणि घरमालक. ना गाणं, ना मारामारी, ना सोंग. एक माणूस सत्तर रुपयांच्या औषधाची थाप मारतो आणि दुसरा ती गिळतो.

एका लग्नघरी त्याच जागी टेप अडकली आणि व्हीसीआरनं ती चावली. मी चुरगळलेला भाग कात्रीनं कापला आणि मागून सेलोटेप लावून जोडला. हातभर टेप गेली. व्हीएचएसचा हिशोब असा की वीतभर टेप म्हणजे दहा सेकंद. म्हणजे गेली वीसेक सेकंदं. अख्ख्या पिक्चरमध्ये कुणाला कळणार? त्या आठवड्यात तीन जण भांडायला आले. एकजण तर काउंटरवर ती गेलेली वीस सेकंदं दोन्ही आवाजांत म्हणून दाखवून गेला. “हे कुठं गेलं? इतलीशी फित तोडली तुमी, पण मधातला जीवच काढला.” मी त्याचं त्या दिवशीचं भाडं घेतलं नाही. धाकटी पोरं मात्र तीच जोडलेली कॅसेट पुढची दहा-बारा वर्षं नेत राहिली.

३. तिसऱ्या पिक्चरचा मान.

लग्न, जावळ, बारसं, नाहीतर नुसतंच सोयाबीनचे पैसे आले म्हणून लोक ‘सेट’ न्यायचे. सेट म्हणजे रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट, रात्रभरासाठी. बैलगाडीत कडबा अंथरून त्यावर टीव्ही ठेवायचा आणि मीही सोबत जायचो, कारण तारा कुणी उलट्यासुलट्या जोडल्या तर भुर्दंड माझा.

तीन पिक्चरचा क्रम ठरलेला असायचा. पहिला नवीन हिंदी, सगळ्या गावासाठी, म्हातारीकोतारीसकट. दुसरा मारामारीचा. तोवर रात्रीचा एक-दीड वाजायचा, बायका-पोरं उठून जायची, अंगणात गोधड्या उरायच्या आणि बारा-पंधरा टाळकी. तिसरा पिक्चर त्यांचा. तो नवीन असून चालायचंच नाही. नवीन पाहायला डोळे उघडे लागतात. तिसरा पिक्चर डोळे मिटूनही पाहता आला पाहिजे. देऊळगाव माळीच्या एका अंगणात मी लोकांना खरोखर झोपेत हसताना ऐकलंय.

भाच्यानं मध्यरात्रीच्या खेळाचं कौतुक सांगितलं तेव्हा मला ही अंगणं आठवली. एकदा तर तिसऱ्या पिक्चरच्या मध्येच लाइन गेली. कुणी उठलं नाही. अंधारात एकजण माने झाला, एकानं घरमालकीण लीलाबाई काळभोर घेतल्या, एक चाळिशीचा मिशाळ माणूस लाजत लाजत बेर्डेची पार्वती झाला. त्यांनी पुढचा पाऊण तास पिक्चर तोंडानं चालवला, पार्श्वसंगीतासकट. पहाटे लाइन आली तेव्हा टीव्हीवरचा पिक्चर मागं राहिला होता आणि ते पुढं गेले होते. मला म्हणाले, “राहू द्या भाऊ, बंद करा.”

     

४. पिक्चर आपटलाच पाहिजे असं काही नाही.

भाच्याचं म्हणणं, कल्ट व्हायचा तर पिक्चर आधी पडायला हवा. दाखले त्याच्याजवळ तयार होते. ‘जाने भी दो यारों’, १९८३. ‘अंदाज अपना अपना’, १९९४, थेटरात कुणी विचारला नाही आणि नंतर टीव्हीनं घरोघरी नेला. ‘तुंबाड’ २०१८ मध्ये आला-गेला आणि २०२४ च्या सप्टेंबरात पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. हे सगळं खरं आहे. ‘शोले’सुद्धा पहिल्या काही दिवसांत पडला असंच म्हणत होते, मग मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं चालला.

पण ‘बनवाबनवी’ १९८८ साली लागला तेव्हाच चालला. दादा कोंडक्यांचा ‘सोंगाड्या’ १९७१ चा, तोही तेव्हाच चालला. त्यांचे ओळीनं नऊ पिक्चर रौप्यमहोत्सवी झाले, गिनेस बुकात नोंद झाली. म्हणून काय त्यांचा पंथ नाही? माझ्याकडं कोंडक्यांच्या कॅसेटी नेणारी माणसं त्या वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायची आणि रस्त्यात चारजण भेटले की त्यातलेच संवाद मोठ्यानं म्हणायची. पडलेल्या पिक्चरला लोक जीव लावतात त्यात ‘आम्ही ओळखला, तुम्ही नाही’ असा थोडा तोरा असतो. तो शहरात जास्त चालतो. आमच्याकडं पिक्चर पडला की उभा, हे कळायलाच दोन वर्षं लागायची; तोवर कॅसेट हातात असायची.

५. वाक्य उपयोगी पडलं पाहिजे.

सुंदर वाक्य माणूस ऐकतो आणि विसरतो. उपयोगी वाक्य तो घरी नेतो. आमच्या चौकात नवीन माणूस पत्ता विचारत आला की मागून कुणीतरी धनंजय मान्यांची चौकशी करणारच. उधारी बुडाली की वारलेले सत्तर रुपये निघतात. पूर्ण म्हणावंही लागत नाही. अर्धं टाकलं की समोरचा उरलेलं उचलतो.

‘सामना’तला ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हा प्रश्न असाच. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी दिग्दर्शित केलेला तो पिक्चर. डॉ. लागूंचा मास्तर निळू फुल्यांच्या हिंदुरावाला जे विचारत राहतो, ते आज पिक्चर न पाहिलेली माणसंही विचारतात, दर निवडणुकीनंतर. मी तो पिक्चर ठेवला होता. नेणारे मोजके. पण पंचायतीच्या ओट्यावर तो रोज चालू असायचा.

हे जमतं कसं, याचं एक उत्तर मला कॅसेटच्या कव्हरवरच सापडलं. ‘सोंगाड्या’ वसंत सबनीसांचा आणि ‘बनवाबनवी’ही वसंत सबनीसांचाच. मधे सतरा वर्षं. त्यांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य कोंडक्यांनी गावोगाव गाजवलं होतं. ज्याचं वाक्य तंबूत शेवटच्या रांगेतल्या, हातात शेंगा असलेल्या माणसापर्यंत माइकशिवाय पोचलेलं असतं, त्याचं वाक्य फुटक्या स्पीकरच्या टीव्हीवरही पोचतं. ‘बनवाबनवी’ची मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’ची. तो पिक्चर मी मुद्दाम मिळवून पाहिला. चांगला आहे. त्यातलं एकही वाक्य मला सांगता येणार नाही.

आणि कान डोळ्याच्या आधी जातो, हे मेहकरच्या माणसाला कुणी सांगायला नको. आमच्या गावचे कवी ना. घ. देशपांडे. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींच्या आवाजात तबकडीवर महाराष्ट्रभर गेली ती १९३० च्या दशकात. संग्रह निघाला १९५४ साली. ‘शोले’चंही तसंच. त्याच्या नुसत्या संवादांच्या तबकड्या आणि कॅसेट निघाल्या होत्या. बसस्टँडवरच्या हॉटेलात सकाळपासून गब्बर बोलत असायचा आणि भजी तळणाऱ्या पोराला, ज्यानं तेव्हा तो पिक्चर पाहिलाच नव्हता, तो अख्खा पाठ होता. पुढं पाहिला तेव्हा नाराज झाला. म्हणाला, “मले वाटलं व्हतं गब्बर याहून मोठा असन.”

६. त्यातलं दुखणं अजून बरं झालेलं नसावं.

हा धडा मला सगळ्यात उशिरा कळला, आणि तो माझ्या दुकानात नाही, पुण्यात कळला.

नव्वदच्या पुढं आमच्याकडची पोरं शिकायला पुण्याला जायला लागली. इंजिनिअरिंग, डी.एड., मग स्पर्धा परीक्षा. जाण्याआधी त्यांनी ‘बनवाबनवी’ वीस-वीस वेळा पाहिलेला. दिवाळीला परत यायची ती पुन्हा दुकानात यायची, तोच न्यायची, पण आता वेगळी हसायची. एकानं सांगितलं, “काका, आम्हाला वाटायचं ही कॉमेडी आहे.” सदाशिव पेठेत चार दिवस खोली शोधत फिरला होता. एकटा मुलगा? नाही. मित्र येणार? नाही. गाव कोणतं? बुलढाणा जिल्हा ऐकून एका मालकानं ते महाराष्ट्रातच आहे ना, असं विचारलं.

मी स्वतः २००१ मध्ये माझ्या पुतण्यासाठी खोली पाहायला गेलो होतो. तीन जिने चढून एका दारावर बेल वाजवली. मालक बनियनवर, हातात पेपर. त्यानं पाणी-भाडं-आंघोळीची वेळ असे सगळे नियम ओळीनं सांगितले आणि शेवटी म्हणाला, फॅमिलीलाच देतो. मला हसू आवरेना. पुतण्यानं माझा हात दाबला. खाली आल्यावर तो म्हणाला, “काका, तुम्ही पार्वती होता का?” रस्त्यात उभं राहून आम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्यातलं थोडं पाणी हसण्याचं नव्हतं. खोली मिळाली नव्हतीच.

पिक्चरमधल्या चार पोरांपैकी दोघं बायकोचं सोंग घेतात कारण चौघांना डोक्यावर छप्पर हवं असतं. बाकी सगळा धुमाकूळ त्यातून निघतो. जोवर परगावच्या पोरांना खोली नाकारली जाते तोवर हा पिक्चर जुना होणार नाही, असं मला वाटतं. त्याच काळात त्याच नटांचे कितीतरी विनोदी पिक्चर आले. हसवायचे चांगले. त्यांच्या कॅसेटी माझ्याकडं शेवटपर्यंत नव्यासारख्या राहिल्या.

७. माझ्या वहीत बाई नव्हती.

वर मी खतावणीचा एवढा डंका पिटला. आता तिची खोट सांगतो. ‘माहेरची साडी’ १९९१ चा. विजय कोंडके, अलका कुबल. लग्नाला चालल्यासारख्या बायका तो पाहायला थेटरात गेल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून. मी हिशोब मांडला की हा नुसता गाजलेला पिक्चर, ‘तोच दे’मधला नव्हे, कारण माझ्या वहीत एकाच माणसाच्या नावावर तो दुसऱ्यांदा क्वचितच लागला होता. हे मी घरी बोलून दाखवलं. बायको भाकरी थापत होती. मागं न पाहता म्हणाली, “तुमच्या वहीत बाईचं नाव कुठी हाये?”

नव्हतंच. वीस वर्षांत दहा-बारा नावं असतील, तीही मास्तरणींची. कॅसेट पुरुष न्यायचे, व्हीसीआरचं बटण पुरुष दाबायचे, रिवाइंड पुरुष करायचे. बायांना काय पुन्हा पाहायचं होतं ते माझ्या टेपवर उमटायला जागाच नव्हती. नंतर बायकोनं सांगितलं, आमच्या गल्लीत त्या पिक्चरची गोष्ट दुपारी निवडणं-टिपणं करताना पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली जायची. सांगणारी वेगळी, रडण्याची जागा तीच.

आणि मला ते कळायला हवं होतं, कारण मी लहानपणी देऊळगाव राजाच्या बालाजीच्या यात्रेत तंबूतल्या थेटरात ‘जय संतोषी माँ’ पाहिला होता. १९७५ चाच पिक्चर, ‘शोले’ आणि ‘दीवार’च्या वर्षीचा, त्यांच्या मानानं दोन पैशांत काढलेला. देशभर बाया चपला बाहेर काढून आत जायच्या, आरतीला उभ्या राहायच्या, पडद्यावर फुलं आणि नाणी टाकायच्या. आमच्या तंबूतही आईनं मला चपला काढायला लावल्या. खाली वाळू आणि शेंगांची टरफलं. आरती सुरू झाली तसं मागच्या बाईनं पाच पैसे फेकले ते माझ्या डोक्याला लागून खाली पडले, मी उचलले, आणि आईनं ते माझ्या मुठीतून काढून पुन्हा पडद्याकडं फेकले. सोळा शुक्रवार घरोघरी सुरू झाले ते त्यानंतर. आंबट खायचं नाही, म्हणून एक उन्हाळा आमच्या घरी पन्हं झालं नाही. न्यूयॉर्कवाल्यांनी तांदूळ उधळले म्हणून भाच्याला कौतुक; इथं माणसांनी पिक्चर पाहून चिंच सोडली होती.

८. मागणी नोंदवून बनवता येत नाही.

महेश कोठाऱ्यांचा ‘झपाटलेला’, १९९३. अमेरिकेतल्या ‘चाइल्ड्स प्ले’वरून सुचलेला. पण रामदास पाध्यांचा तो बाहुला आणि दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू असे काही जमले की आमच्याकडच्या पोरांनी बहिणींच्या बाहुल्या रात्री कपाटात कोंडायला सुरुवात केली. ती कॅसेट नेहमी रडक्या पोरासोबत परत यायची आणि पुढच्या आठवड्यात तेच पोर बापाला ओढत तीच न्यायला यायचं. वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, दुसरा भाग थ्रीडीत आला. ती पोरं तोवर बाप झाली होती. पाहून आली. घरी येऊन पहिलाच लावला.

९. खिदळण्यासाठी पाहिलेले पिक्चर.

सीडीचा जमाना आला तेव्हा कॉलेजची पोरं ‘गुंडा’ मागायला लागली. १९९८, कांती शाह, मिथुन, आणि यमक जुळवून शिव्याशापांसारखे बोलणारे खलनायक. पिक्चर वाईट आहे म्हणून पाहायचा, ही गोष्ट मला पटली नाही. ज्यानं काढला त्याला हसायचं, ज्याच्यासाठी काढला त्यालाही हसायचं. त्यात मला माणसाविषयी तुच्छता दिसायची. मी तसं पोरांना बोललोही. मग एका रविवारी दुकान बंद करून, आतून कडी लावून, मी तो सलग दोनदा पाहिला. याहून जास्त या विषयावर बोलायचा मला अधिकार नाही.

१०. जोड.

२००७ मध्ये दुकान आवरलं. पावसाळ्यात कॅसेटींना पांढरी बुरशी धरायची, सीडीनं भाडं खाल्लं होतं, मोबाइल दारात उभा होता. सगळ्या कॅसेटी भंगारवाल्यानं किलोवर नेल्या. प्लॅस्टिकचा भाव, आतल्या टेपचा काही नाही. एक तेवढी ठेवली. ती लावायला व्हीसीआर नाही. जपानच्या शेवटच्या कंपनीनंही २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं.

परवा साखरखेर्ड्याकडचा एक जण पीकविम्याचा फॉर्म भरायला आला. सर्व्हर बंद होता. चाळिशीचा माणूस, केस पिकलेले. मी ओळखलं नाही, त्यानंच सांगितलं, “तुमच्याकडून ‘बनवाबनवी’ नेत होतो. वडलाच्या नावावर.” बसल्या बसल्या त्यानं मोबाइलवर तोच लावला. फुकट आहे आता, मुंग्या नाहीत, रंग स्वच्छ. आम्ही काउंटरच्या दोन बाजूंनी वाकून पाहत होतो. माने आणि सरपोतदार समोरासमोर आले. तो ओठ हलवत होता, एकेक शब्द बरोबर. आणि मग एका जागी तो पुढचं वाक्य म्हणाला आणि अशोक सराफ काहीतरी दुसरंच बोलत राहिला.

त्यानं पिक्चर थांबवला. मागं नेला. पुन्हा पाहिला. वीसेक सेकंदं.

“भाऊ,” तो म्हणाला, “हे यायनं मागून टाकलं का?”

मी म्हटलं, नाही, ते पहिल्यापासून होतं. खणातून कॅसेट काढली, झाकण उचललं, हातानं चाक फिरवत फिरवत टेप पुढं आणली आणि पिवळा पडलेला सेलोटेप त्याला दाखवला.

त्यानं त्यावरून अंगठा फिरवला. “आमच्या घरी सगळे असंच म्हणतात,” तो म्हणाला. “माझी पोरगीबी.” मग मोबाइल पुढं सरकवून त्यानं ती वीस सेकंदं ओलांडली आणि पिक्चर पुन्हा सुरू केला.